उल्कान एजेला न पटलेला सिनेमा

किर्गीझ मुलखातल्या आमच्या कोशतेरेक गावात सिनेमाच्या बाबतीत दोन पक्ष आहेत. एका पक्षात सगळं गाव आणि दुसऱ्यात उल्कान एजे. एजे म्हणजे ताई, तिला सगळे तेच म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. समोर विरोधात माणसं कमी असली तर तिला बोलायला हुरूपच येत नाही.

जन्मभर तिनं गावच्या भट्टीत नान भाजले. भट्टी क्लबच्या भिंतीला लागून आणि क्लबात सिनेमा. संध्याकाळी पीठ मळून झाकून ठेवायचं, हात झटकायचे आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसायचं, हा तिचा क्रम. सकाळी नान घ्यायला आलेल्याला आधी तिचं मत ऐकावं लागे. कुणी घाईघाईनं नान उचलायला गेलं की ती त्यावर हात ठेवायची आणि विचारायची, "काल बघितलास ना? मग शेवट पटला का तुला?" पटला म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत. मी शाळेत जायच्या वयापासून "मला झोप लागली होती" असं खोटं सांगून नान मिळवत आले.

मी गुलसुन, गावची शिंपीण. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एकच भिंत. एजे मला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची आहे आणि तिच्याशी कडाक्याचं भांडण झालं नाही असा एकही हिवाळा मला आठवत नाही.

तिची मतं ऐकण्यासारखी असत, हे मात्र तिच्या शत्रूंनीही मान्य करावं. मॉस्कोहून युद्धाचा मोठा सिनेमा आला, सगळे पुरुष डोळे पुसत बाहेर पडले. ही दुसऱ्या दिवशी म्हणते, "त्या दिग्दर्शकाला तोफा आवडतात. तोफेकडे बघ किती वेळ बघत बसला, आणि तो पोरगा मेला तेव्हा मात्र लगेच पुढची गोष्ट!" हिंदुस्तानी सिनेमा आला की गावातल्या बायका रुमाल नाही, टॉवेल घेऊन जायच्या. एजेही रडायची, पण रडता रडता टीका चालू. "गाणी जास्त आहेत. मारामारी खोटी आहे. पण आईला कुठं बसवलंय बघा! घर जळो, पोरगा तुरुंगात जावो, आई पडद्याच्या मधोमध. या माणसाला बसवायची अक्कल आहे." फ्रेंच सिनेमाबद्दल तिची एकच तक्रार होती. नवरा-बायको एवढे भांडतात, कुणी मध्ये चहा का विचारत नाही? आणि एकदा एक जुना जपानी सिनेमा आला, त्यात काहीही घडत नव्हतं, अर्धा क्लब उठून गेला. ही मात्र भट्टीपाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "अरे, लोक जमिनीवर बसलेत म्हणून तो कॅमेराही जमिनीवर बसवतो! याला म्हणतात रीत. आपल्याकडचे दिग्दर्शक उभे राहून वरून बघतात, जमीन मोजायला आल्यासारखे."

मत बदललं तर तेही ती लपवायची नाही. एका सिनेमात बराच वेळ नुसतं गवत हलत होतं. त्यावर ती वर्षभर चिडून होती. "पाहुणा दारात आलाय आणि हा गवत दाखवतो!" मग तो सिनेमा पुन्हा लागला, पुन्हा बघितला आणि सकाळी तिनं रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारून थांबवलं. "ऐक, गवताचं मी चुकीचं बोलले होते. ते गवत घरातलंच माणूस होतं." ट्रॅक्टरवाल्याला कशाचा काही पत्ता नव्हता. तो बरं म्हणाला आणि गेला.

तिची सगळी पारख एका गोष्टीवर उभी होती. दिग्दर्शक म्हणजे घरधनी, आणि सिनेमा म्हणजे त्यानं घातलेलं जेवण. आमच्याकडे मेंढी कापली की मांसासकट हाडं वाटली जातात. डोकं कुणापुढे, मांडीचं हाड कुणापुढे, शेपटाकडचा चरबीदार तुकडा कुठल्या म्हाताऱ्या बाईपुढे, हे मनात पक्कं करूनच वाटणारा सुरी उचलतो. हाड चुकलं तर सोयरीक तुटते, भाऊ भावाचं तोंड बघत नाही. एजे म्हणायची, "पडद्यावर चेहरा मोठा करून दाखवणं म्हणजे वाटा देणं. कुणाला दिला, कुणाला दिला नाही, त्यावरून त्या दिग्दर्शकाच्या आईनं त्याला काय शिकवलंय ते कळतं."

आणि याच मापानं तिनं आमच्या गावच्या देवालाच खाली खेचलं होतं. देव म्हणजे 'लाल खोगीर' हा सिनेमा.

तो आमच्याच गावात काढला. सालामात बोरुबाएव नावाचा तरुण दिग्दर्शक राजधानीतून माणसं, ट्रक आणि दिवे घेऊन आला, तेव्हा एजे दहा वर्षांची होती आणि मी जन्मलेही नव्हते. त्या सिनेमाला परदेशात कुठेतरी मोठं बक्षीस मिळालं. आजही नवीन वर्षाला टीव्हीवर लागतो आणि आमच्याकडे प्रत्येक घरात बोटं पडद्यावर टेकतात. हे आमच्या आजोबांचं नाक, ती आमची घोडी, तो मागे धावतोय तो मामा. आमच्या घराण्याची तर एक बाहीच आहे त्यात. बाही आली की माझी आई उभी राहायची.

बाहीची हकिगत सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच आहे. सिनेमात एक वर्षश्राद्धाचं जेवण आहे. सगळा तंबू भरलेला, मांस वाटलं जातंय, कॅमेरा वरच्या मानाच्या जागेपासून निघतो आणि एकेका ताटावरून हळूहळू सरकत दाराशी येतो. दाराशी एक विधवा बसली आहे. तिच्या पुढ्यात काही नाही. तिचे हात मांडीवर, उताणे, रिकामे. कॅमेरा त्या हातांवर थांबतो आणि सगळं जग रडतं. मीही रडते. अजून रडते, खोटं कशाला बोलू?

ती विधवा म्हणजे उल्कान एजेची आई, बुरमाकान अपा. अपा हे आईच्या वयाच्या बाईला मानानं म्हणतात. ती नटी नव्हती. नवरा ट्रॅक्टरखाली गेल्यावर दोन पोरं घेऊन सामूहिक शेतावर दूध काढायला जायची. बोरुबाएवनं तिला धारा काढताना बघितलं आणि म्हणाला, हाच चेहरा. आणि मांस वाटायला त्यानं बसवलं माझ्या आजोबांना, सातिबाल्दींना, कारण आसपासच्या गावांत त्यांच्यासारखा वाटणारा कुणी नव्हता.

पहिल्याच वेळी आजोबांनी वाटत वाटत दारापर्यंत येऊन बुरमाकान अपाच्या हातात हाड ठेवलं. बोरुबाएव ओरडला, "थांबा! आजोबा, हिला नाही द्यायचं!" आजोबा बरं म्हणाले. मांस पुन्हा मांडलं, दिवे पुन्हा लागले, आजोबा पुन्हा वाटत आले आणि पुन्हा तिच्या हातात हाड. बोरुबाएवनं टोपी जमिनीवर आपटली. आजोबा कळवळून म्हणाले, "पोरा, मला कळतंय तू काय म्हणतोस. पण हात ऐकत नाही." तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले, तरी हात गेलाच. मांस थंड झालं, दुसरी मेंढी कापावी लागली. शेवटी त्यांना उठवलं आणि त्यांच्या जागी राजधानीहून आणलेला नट बसवला. त्याचा हात बरोबर थांबला. आजोबांची फक्त बाही राहिली, सुरुवातीच्या एका तुकड्यात.

गावात ही गोष्ट सगळे हसत सांगतात. एजे ती कधीच हसून सांगत नाही.

मागच्या शरदात 'लाल खोगीर'ला पन्नास वर्षं झाली. आमचा सरपंच मेलिस हा एजेचा सख्खा भाचा, तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्यानं ठरवलं की गावाच्या वेशीवर पुतळा उभारायचा. कुणाचा, तर दाराशी बसलेल्या त्या बाईचा. सिनेमात आहे तसाच, हात मांडीवर, उताणे. क्लबात सभा भरली, मेलिसनं चित्र दाखवलं, टाळ्या वाजल्या. एजे उठली.

"मेलिस, माझ्या आईला तू रस्त्यावर रिकाम्या हातांनी बसवणार?"

"एजे, ती माझीही आजी आहे," मेलिस छातीवर हात ठेवून म्हणाला. "नातवानं आजीचा पुतळा उभारायचा, हे कुणाच्या नशिबी येतं? लोक गाड्या थांबवून फोटो काढतील."

"काढतील की. आणि म्हणतील, हेच ते कोशतेरेक, जिथं विधवेला हाड देत नाहीत."

"अगं, सिनेमा आहे तो!"

"सिनेमा आहे म्हणून पन्नास वर्षं मी भांडले. आता तू सिमेंटमध्ये करतोस. सिमेंटशी कुणी भांडायचं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "एजे, तुला कुठलाच सिनेमा आवडत नाही!" सगळे हसले. "आवडतात की," ती वळून म्हणाली. "तू बघितलेले आवडत नाहीत, एवढंच." पण ठराव झाला. विरोधात एकच हात होता.

त्या महिन्यात आमची शेरिने माझ्या घरी होती. आम्ही आठ-दहा बायका शरदापासून हिवाळा सरेपर्यंत पाळीपाळीनं एकमेकींकडे जेवतो, तीच आमची शेरिने. एजे आली तेव्हा कालिचा, माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिच्यावर तुटून पडली. "एजे, तुला मिरवायला नको म्हणजे कमाल आहे! आमच्या आयांचा कुणी मातीचा पुतळा करत नाही, तुझ्या आईचा होतोय तर तुझं तोंड फुगलेलं!"

"तुझ्या आईचा कर म्हणावं. ताट चाटतानाचा."

कालिचा उठून जाऊ लागली. तिला बसवता बसवता माझाही तोल गेला. खरंच राग आला होता मला. दोन वर्षं वीज धड नाही, रस्ता नाही, एक गोष्ट चांगली होतेय गावात तर ही त्यात खडे टाकतेय. मी म्हणाले, "एजे, सोड आता. जगभर लोक तुझ्या आईसाठी रडले. आणखी काय पाहिजे तुला?"

तिनं पेला खाली ठेवला.

"जगभर रडले गं. इथं काय झालं ते तुला माहीत आहे? तू नव्हतीस तेव्हा. सिनेमा आला, गावोगाव दाखवला. मग बाजारात माणसं माझ्या काकांना विचारायला लागली, काय रे, भावाच्या बायकोला दाराशी बसवता होय? हाड पण देत नाही? काका भडकले. आईला म्हणाले, तू बसलीस कशाला तशी? आई म्हणाली, मला बस म्हणाले, मी बसले. मला काय माहीत ते कुठं जाणार आहे? आणि मग आई कुठं जेवायला गेली की लोक तिच्या ताटात ढीग घालायचे. घे बुरमाकान, घे, नाहीतर पुन्हा तुझा सिनेमा काढतील! हसायचे. वाईट मनानं नाही, असंच. एकदा आमच्याच सोयऱ्यांकडे तिच्यापुढे अख्खं मेंढीचं डोकं ठेवलं, थट्टेनं. बाईमाणसाला डोकं! ती उठली आणि घरी आली. त्यानंतर मरेपर्यंत माझी आई कुणाच्या घरी जेवायला गेली नाही. माझ्या लग्नातसुद्धा चुलीपाशी बसून राहिली. कळलं काय पाहिजे मला?"

कालिचा परत बसली. मी चहा ओतला, तो सगळ्यांच्या पेल्यात जास्त झाला.

तरी मी एक विचारलंच. "एजे, पण सिनेमा म्हणून? तो शॉट वाईट आहे का?"

"वाईट असता तर मी विसरले असते," ती म्हणाली. "चांगला आहे म्हणून तर लोकांना खरा वाटला."

पुतळा तयार झाला. मेलिसनं बोरुबाएवच्या मुलीला राजधानीतून बोलावलं. बोरुबाएव स्वतः केव्हाच वारला होता. एजेला निरोप आला, यायचं असेल तर गप्प बसायच्या बोलीवर ये. तिनं निरोप आणणाऱ्यालाच विचारलं, "आणि माझ्या आईच्या नावाची मेंढी कापणार आहात ना? मग मी नाही तर तोरला कोण बसणार, तुझी बायको?" तोर म्हणजे दारासमोरची वरची मानाची जागा. त्या दिवशी तिचा हक्क तिथं होता, आणि हे मेलिसलाही माहीत होतं.

पाहुणी आली. जमीरा तिचं नाव, दातांची डॉक्टर, फिकट रंगाचा लांब कोट, बोलणं हळू. शहरात वाढलेल्यांची असते तशी तिची किर्गीझ, मध्ये मध्ये शब्द शोधणारी. मेलिसनं दोरी ओढली आणि कापड खाली पडलं.

मी पुतळ्याकडे बघितलं. कुणी केला होता कोण जाणे, पण बुरमाकान अपाच होती ती. मान जराशी कललेली, रुमालाची गाठ हनुवटीखाली, आणि ते हात. मी हळूच एजेकडे बघितलं.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "तेच तर."

जेवण क्लबात होतं. खुर्च्या काढून गालिचे अंथरले होते. एजेला तोरला बसवलं, शेजारी जमीराला, मग गावचे म्हातारे, मग आम्ही. पिठाचे तळलेले बोरसोक, साखर, लोणी, सगळं मांडून झालं. मोठ्या परातींतून वाफाळतं मांस आलं. मेलिसनं त्या दिवशी वाटायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. त्यानं आधी आत्यापुढे शेपटाकडचा चरबीदार तुकडा ठेवला, तिचा मानाचा, दोन्ही हातांनी. मग म्हाताऱ्यांपुढे, मग पुढे पुढे. वाटून झालं. सगळे एजेकडे बघू लागले, कारण वरच्या बाईनं सुरी उचलल्याशिवाय खालच्यांनी हात लावायचा नसतो.

एजेनं सुरी उचलली नाही. तिनं आपलं ताट दोन बोटांनी थोडं पुढे सरकवलं.

"वाटप चुकलंय," ती म्हणाली.

मेलिस लाल झाला. "काय चुकलं, एजे? नीट मोजून केलंय."

"या गावात एक बाई दाराशी उपाशी बसली आहे. तिला मिळाल्याशिवाय मला मिळालं तर ते चुकलंच."

"एजे, सिमेंट आहे ते!"

"क्लबात टाळ्या घेताना तुझी आजी होती. मेंढी शिजल्यावर सिमेंट झाली होय?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. एक म्हातारा समजुतीनं म्हणाला, "उल्कान, पाहुणे आलेत. खा आता. आपलं आपण नंतर बघू." एजे म्हणाली, "अहो, पाहुण्यांसमोरच तर दाखवलं होतं. पाहुण्यांसमोरच निस्तरू." कोपऱ्यातून आवाज आला, "अगं पण आम्हाला भूक लागलीय!" "मग भूक काय असते ते कळेल," ती म्हणाली. मेंढीची चरबी पटकन थिजते. ताटाच्या कडेनं पांढरी रेघ धरायला लागली, ती मला दिसत होती. मेलिस उभाच्या उभा, हातात सुरी. शरमेनं मरायची वेळ होती. मलाही वाटलं, बाई, कशाला एवढं ताणतेस? आणि त्याच वेळी असंही वाटलं की तिनं सुरी उचलली तर मी तिला कधी माफ करणार नाही.

तेवढ्यात जमीरा बोलली. अगदी हळू, पण शेजारीच होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"माझ्या वडिलांना रीत माहीत होती."

एजेनं मान वळवली. "माहीत होती? मग?"

"माझ्या आजीला कुणी हाड दिलं नव्हतं," जमीरा म्हणाली. शब्द शोधत होती. "सदतीस साली सरकारच्या माणसांनी आजोबांना लोकशत्रू ठरवून उचलून नेलं. बाबा तेव्हा लहान होते. त्यांच्या गावात जेवणं व्हायची, आजीला बोलावणंही यायचं. पण ज्याच्या हातात सुरी तो घाबरायचा. लोकशत्रूच्या बायकोला मान दिला असं कुणी वर कळवलं तर? म्हणून तिच्यापुढे येऊन हात थांबायचा. ती दाराशी बसायची, हात मांडीवर ठेवून. बाबा तिच्या शेजारी. तिच्या नावानं हे दाखवलं असतं तर तो सिनेमा निघालाच नसता. बाबा घरी सांगायचे, तुमच्या गावातल्या त्या म्हाताऱ्याचा हात थांबत नव्हता ना, ते बघून ते ट्रकमागे जाऊन रडले होते. म्हणाले, आमच्या गावात असा एक माणूस असता तर."

ते म्हातारे म्हणजे माझे आजोबा. वरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या घरचाही हात कधीतरी थांबला असेल, कोण सांगणार?

एजेचा तो चेहरा मला भट्टीपासून माहीत होता, मत बदलायच्या आधीचा. पण ती सहजासहजी बदलणाऱ्यांतली नव्हे.

"म्हणजे त्याला माझ्या आईचा चेहरा हवा होता आणि स्वतःच्या आईचं दुःख," ती म्हणाली. "मग विचारायचं तरी तिला. माझ्या आईला एवढंच सांगितलं असतं ना, की बाई, माझ्या आईसाठी बस, तर ती बसली असती. रिकाम्या हातांनी बसली असती, आणि नंतर कुणी कितीही हसलं असतं तरी ताठ मानेनं सगळीकडे जेवायला गेली असती." तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत. "विचारलं नाही त्यानं. हे मी त्याला माफ करत नाही."

"नका करू," जमीरा म्हणाली.

"तुझ्या आजीचं नाव काय?"

"सेइलकान."

एजे सरळ बसली. "मेलिस! म्हणजे दोघी उपाशी आहेत. दोन वाटे काढ."

मेलिसनं वाद घातला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. जेवायला न आलेल्या घरच्या माणसाचा वाटा त्याच्या नात्यातल्याच्या हाती द्यायचा, ही रीत आमच्याकडे प्रत्येक जेवणात असते. त्याला केशिक म्हणतात. ज्याच्या हाती दिला, तो त्या माणसाच्या नावानं खातो किंवा घरी नेतो. मेलिसनं परातीतून दोन चांगली हाडं निवडली, बाह्या वर केल्या.

"मनात नको म्हणूस," एजे म्हणाली. "मोठ्यानं. दारापर्यंत गेलं पाहिजे."

मेलिसचा आवाज सभेत खणखणीत असतो. तेव्हा तो आधी चिरकला. मग त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "बुरमाकान अपाचा वाटा!" आणि हाड आत्याच्या हातात दिलं. मग वळला. "सेइलकान अपाचा वाटा!"

ऐंशी वर्षांपूर्वी ज्या नावापुढे सुरी अडायची, ते नाव आमच्या क्लबात, सगळ्या गावासमोर, सरपंचाच्या तोंडून. मागच्या रांगेतल्या कालिचानं तोंडावर रुमालाचं टोक धरलं होतं. जमीरानं हाड दोन्ही हातांत घेतलं. चरबी तिच्या फिकट कोटाच्या बाहीवरून ओघळत होती. काय करायचं ते तिला कळेना. ती हाडाकडे नुसती बघत राहिली.

"खा," एजे म्हणाली. "तिच्या नावानं खा. तुझ्याच हातून पोचणार तिला."

जमीरानं दातांनी मांस तोडलं. रडत होती आणि चावत होती, दोन्ही एकदम. उल्कान एजे तिच्याकडे टक लावून बघत होती, पहिल्या रांगेत बसून आयुष्यभर पडद्याकडे बघितलं तशी, एकही क्षण सुटू न देता.

"बघ," ती म्हणाली. "हा शॉट घ्यायला पाहिजे होता तुझ्या बापानं."

आणि तिनं सुरी उचलली. मग सगळं गाव जेवायला लागलं.